तोट्याचा पंचनामा होतो, निर्णयांचा का नाही?

पूर ओसरला की कोल्हापूर जिल्ह्यात एक काम ठरल्याप्रमाणे सुरू होतं. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक गावात येतात, पंचनामे होतात. किती भिंती पडल्या, कुणाची किती जनावरं गेली, कुठल्या गटातला ऊस बुडाला, पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे का, सगळं कागदावर येतं. हे काम गरजेचंच आहे, त्याशिवाय मदत मिळत नाही. पण या कागदांत एक रकाना नसतो. हे नुकसान कुठल्या ठरवण्यामुळे झालं, किंवा वेळेत काही न ठरवल्यामुळे झालं, ते कुणी विचारत नाही. कुणी विचारत नसल्यामुळे कुणी लिहीतही नाही, आणि पुढच्या पुरात गाव पुन्हा त्याच जागी उभं असतं.

आमचं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक पूरबाधित गावाने आणि शहरातल्या प्रत्येक बाधित प्रभागाने, पाणी उतरल्यावर दोन महिन्यांच्या आत, आपल्या निर्णयांचाही पंचनामा करावा. तो मदतीच्या पंचनाम्यापासून पूर्ण वेगळा असावा. तसा नियम व्हावा, आणि नियम होईपर्यंत गावांनी तो स्वतःहून करावा.

आकडे सगळ्यांच्या तोंडी आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. २००५ ला पाणी ५० फुटांच्या घरात गेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५५ फूट ७ इंच. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, त्याहूनही वर. २०२४ ला पुन्हा ४७ फुटांच्या पुढे. सोळा वर्षांत तीन महापूर ज्या जिल्ह्याने पाहिले, त्याला अनुभवाची कमतरता नाही. पण अनुभव लिहून ठेवला नाही की तो ज्याच्या त्याच्या डोक्यात राहतो, आणि तिथे तो वर्षभरात बदलतो.

याचं सगळ्यात महागात पडलेलं उदाहरण म्हणजे जुनी खूण. २००५ च्या पाण्याची खूण शहरात आणि गावोगाव भिंतींवर होती. त्या खुणेकडे बघून लोकांनी पुढची चौदा वर्षं कारभार केला. दुकानातला माल खुणेच्या वर एक फळी ठेवला, वीजमीटर खुणेच्या वर हातभर नेला, घर बांधताना जोतं खुणेएवढं उचललं. २०१९ ला पाणी त्या खुणेच्या पाच फूट वर गेलं. लक्ष्मीपुरी, शाहूपुरीतल्या ज्या दुकानदारांनी माल मनापासून वर रचला होता, त्यांचाही माल भिजला. इथे चूक आळसाची नव्हती. एका पुराची उंची म्हणजे पुराची मर्यादा, असं सगळ्यांनी मिळून धरलं होतं, आणि ते गृहीतक कुठेही लिहिलेलं नसल्यामुळे कुणी तपासलंही नाही. आज तेच २०१९ आणि २०२१ च्या खुणांबाबत होतंय. नवं बांधकाम करताना त्या खुणेवर किमान तीन फूट धरायला हवेत, हे सांगणारा कागद गावात नाही. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, एवढी माहिती तरी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर हवी. २५ वर्षांतून एकदा म्हणजे पंचवीस वर्षं निर्धास्त, असा समज अजून सर्रास आहे. तो समज दोन वर्षांत दोन महापूर बघूनही जात नाही, तेव्हा तो फलकावरच खोडून काढावा लागेल.

दुसरी चूक याहून बारीक आहे आणि ती समजायला थोडं गणित लागतं. लोक बाहेर पडायचं ठरवतात ते पाणी उंबऱ्याला लागायला आलं की. पण गाव बुडण्याआधी गावाचा रस्ता बुडतो. ओढ्यावरची मोरी, शिवेजवळचा सखल पट्टा, नाहीतर मुख्य रस्ताच. रत्नागिरी मार्गावर केर्लीजवळ पाणी येतं, गगनबावडा मार्गावर मांडुकलीजवळ येतं, तेव्हा आजूबाजूच्या गावांतली बहुतेक घरं कोरडीच असतात. म्हणून घराची उंची मोजून काही कळत नाही. आपल्या रस्त्यावरचा सगळ्यात खालचा ठिपका राजाराम बंधाऱ्याच्या किती फुटांना बुडतो, हे माहीत असावं लागतं.

समजा एका गावाचा रस्ता ४३ फुटांना बंद होतो. गावात ३०० जनावरं हलवायची आहेत. एका टेंपोत सहा, म्हणजे ५० खेपा. चढवणं, नेणं, उतरवणं, परत येणं मिळून एका खेपेला दीड तास धरा. म्हैस पहिल्यांदा टेंपोत चढायला तयार नसते, तेव्हा हा हिशेब सैल नाही. पाच टेंपो मिळाले तर प्रत्येकाच्या दहा खेपा, म्हणजे १५ तास, तेही रात्रभर न थांबता. पाणी तासाला चार इंचांनी चढत असेल तर १५ तासांत ६० इंच, पाच फूट चढतं. म्हणजे पहिला टेंपो ३८ फुटांना सुटला पाहिजे. इशारा पातळी ३९ आहे. इशारा मिळाल्यावर हालचाल करणारं हे गाव सुरुवातीलाच तीन तास मागे पडलं.

हा हिशेब मांडला की लोक चमकतात. इशारा पातळी नदीची आहे, ती कुठल्याही एका गावाच्या टेंपोंकडे बघून ठरवलेली नाही. प्रत्येक गावाची स्वतःची इशारा पातळी वेगळी असणार, आणि ती काढायला मागच्या पुराच्या चार नोंदी पुरतात: रस्ता कुठल्या वेळी बंद झाला, तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट-इंच होते, तोवर किती जनावरं हलली होती, आणि पाणी तासाला किती इंच चढत होतं. जिल्हा नियंत्रण कक्ष बंधाऱ्याची पातळी फूट-इंचांत रोज, आणि पुरात तर तासातासाला देतो. नोंद करायला वही आणि घड्याळ याहून जास्त काही लागत नाही.

चढण्याचा वेग का लिहायचा, तेही सांगायला हवं. २०१९ ला पाणी बरेच दिवस चढत राहिलं, २०२१ ला दोन दिवसांच्या पावसात झपाट्याने चढलं. पहिल्या पुराच्या आठवणीवर जो विसंबला, त्याला दुसऱ्यात वेळ मिळाला नाही. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरल्यावरच उघडतात, आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी येतं. सात दरवाजांपैकी किती उघडले हे कळलं की माणूस अंदाज बांधतो. पण कुंभी, कासारी, तुळशीच्या खोऱ्यात त्या दिवशी किती पाऊस आहे, ते त्या दरवाजांच्या आकड्यात नसतं. शिरोळ तालुक्यात हिशेब आणखी वेगळा. नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा मिळतात, त्यामुळे खाली कृष्णा फुगलेली असेल तर पंचगंगेला वाटच मिळत नाही. तिथे पाणी उशिरा येतं आणि उतरायलाही जास्त दिवस घेतं. तेव्हा कुरुंदवाडच्या माणसाने फक्त राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघून निश्चिंत होणं हीसुद्धा एक लिहून ठेवण्यासारखी चूक आहे.

नदीकाठच्या, शेतीला पाणी उपसणाऱ्या मोटारींचं बघा. पाणी पात्राबाहेर पडायच्या बेतात आलं की काठावर एकच धावपळ उडते: चेनपुली, दोर, ट्रॅक्टर, आठ-दहा माणसं. ज्याची मोटार आधी निघते तो सुटतो. उशीर नेमका कुठे होतो? बहुतेक वेळा फाउंडेशनचे बोल्ट गंजलेले असतात आणि चिखलात उभं राहून ते सुटत नाहीत. मे महिन्यात बोल्ट काढून ग्रीस लावून पुन्हा बसवणं हे तासाभराचं काम, ते न केल्यामुळे जूनच्या अखेरीस मोटार पाण्याखाली जाते. पुढची चूक पाणी उतरल्यावर होते. मोनोब्लॉकची, म्हणजे पंपाला जोडूनच असलेली काठावरची मोटार वरून पुसून, दोन दिवस उन्हात ठेवून लोक थेट चालू करतात आणि वाइंडिंग जाळून घेतात. आतला गाळ आधी स्वच्छ पाण्याने धुऊन काढावा लागतो, झाकणं उघडून बेअरिंग बदलावी लागतात, वाइंडिंग ८०-९० अंशांच्या उबेत काही तास वाळवावं लागतं, आणि मग ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे रोध मोजायच्या यंत्राने, वाइंडिंग आणि बॉडीमधला रोध बघावा लागतो. तो एक मेगओहमच्या खाली असेल तर मोटारीला वीज द्यायची नाही, पुन्हा वाळवायचं. सबमर्सिबलचं वेगळं: ती पाण्यातच चालते, तिला धोका गाळाचा आणि केबलच्या जोडाचा, आणि बुडते ती काठावरची पॅनेलपेटी. पेटी चार स्क्रूंवर सुटते. ती पहिल्यांदा काढायची असते, पण गडबडीत ती शेवटी आठवते.

अशा गोष्टी गावातल्या वायरमनला माहीत असतात. कुणाची मोटार का जळली हे तो दहा जणांचं सांगू शकेल. तरी हे ज्ञान गावाचं होत नाही, कारण ते ऐकायला कुणी बसलेलं नसतं.

का बसत नाही, याचं खरं कारण पैशाशी बांधलेलं आहे. मदतीचा पंचनामा चालू असताना कुणीही शहाणा माणूस ‘आमचंच चुकलं’ म्हणणार नाही. मदत कापली जाईल ही भीती असते. सरपंच म्हणणार नाही, कारण विरोधी गट तेच वाक्य निवडणुकीत फिरवेल. अधिकारी म्हणणार नाही, कारण चौकशी लागेल. तिघांचीही भीती रास्त आहे. म्हणूनच हा दुसरा पंचनामा मदतीपासून तोडून ठेवला पाहिजे, आणि त्यात माणसाचं नाव येताच कामा नये. ‘अमक्याने निरोप दिला नाही’ असं लिहिलं की भांडण सुरू होतं आणि नोंद तिथेच संपते. ‘निरोप वरच्या गल्लीत पोहोचायला पाच तास लागले, कारण वीज गेल्यावर देवळावरचा भोंगा बंद पडला’ असं लिहिलं की पुढच्या वर्षी भोंग्याला बॅटरी लागते.

हे कोल्हापूरला अवघड जाण्याचं कारण नाही, कारण हीच शिस्त शहराच्या दाराशी रोज पाळली जाते. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे आत वायूची पोकळी, आला तर साचा करणाऱ्या मोल्डरवर ओरडून भागत नाही. हीट नंबर, म्हणजे लोखंडाच्या त्या वितळीचा क्रमांक, काढतात. त्या पाळीला वाळूतला ओलावा साडेतीन टक्क्यांवरून पाचवर गेला होता का, साच्यातली वाळूची कोअर पुरती वाळली होती का, ओतायचं भांडं (लॅडल) थांबून लोखंड गार झालं होतं का, हे नोंदीत बघतात. नोंद नसेल तर ऑर्डर देणारी कंपनी पुढचा माल घेत नाही. दोषाचं कारण कागदावर आणल्याशिवाय तो जात नाही, हे या शहरातल्या हजारो कामगारांना पाठ आहे. संध्याकाळी तीच माणसं ज्या गावांत परततात, त्या गावांना ही सवय लागू नये, हे मनाला लागतं.

आपण शिकू शकतो याचा पुरावाही समोर आहे. २०१९ ला बोटी आणि जवान यायला जो वेळ गेला, त्यानंतर पावसाळ्याच्या तोंडावरच एनडीआरएफचं पथक जिल्ह्यात आणून ठेवण्याची पद्धत पडली. २०२१ ला माणसं तुलनेने लवकर हलवली गेली. त्याच २०१९ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला माणसांनी गच्च भरलेली बोट उलटली आणि जीव गेले. बोटीवर किती माणसं घ्यायची हा आकडा बोटीच्या कडेला रंगवलेला असावा, लाइफ जॅकेट असतील तेवढीच माणसं बसावीत, हे त्यानंतर कुणाला पटवून सांगावं लागत नाही. पण आपल्या गावच्या बोटीवर तो आकडा रंगवला आहे का, हे बघणं हे कुणाचं ठरलेलं काम नाही.

उलट उदाहरण शहराच्या पाण्याचं. २०१९ ला बालिंगा, शिंगणापूरची उपसा केंद्रं बुडाली आणि चहूबाजूंनी पाणी असलेलं शहर टँकरसमोर रांगेत उभं राहिलं. २०२१ ला तेच पुन्हा झालं. काळम्मावाडीची थेट पाइपलाइन २०२३ च्या अखेरीस शहरात पोहोचली, हा मोठा बदल आहे. तरी दोन पुरांमधल्या दोन वर्षांत त्या केंद्रांतली पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मर किती उचलता आले असते, ते का उचलले गेले नाहीत, हा प्रश्न जुना झाला म्हणून सोडून देण्यासारखा नाही. पाइपलाइनच्या पंपांनाही वीज लागतेच, आणि वीज उपकेंद्रांतूनच येते.

शहरात आणखी एक गोष्ट दर पुरात नव्याने धक्का देते. जयंती नाल्याच्या काठचे लोक नदीकडे बघत असतात आणि पाणी नाल्यातून उलटं येतं. त्याच्याही आधी ते तळमजल्याच्या संडासातून वर येतं, कारण ड्रेनेजची लाइन नाल्याला जोडलेली असते आणि नाल्याचा फुगवटा चेंबरमध्ये चढतो. चेंबरवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, बसवला तर किमान घाण पाणी थोपतं. तो दरवर्षी मे महिन्यात उघडून साफ केला नाही तर कचरा अडकून उघडाच राहतो. अपार्टमेंटचे मीटर पार्किंगमध्ये, लिफ्टचा खड्डा त्याहून खाली. पार्किंगमध्ये पाणी आलं की सहाव्या मजल्यावरचाही नळ बंद, कारण टाकीत पाणी चढवणारा पंप खालीच असतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत रंगकामावर दोन तास चर्चा होते. मीटर पहिल्या मजल्यावर नेण्याचा विषय पूर आल्याच्या वर्षीसुद्धा अजेंड्यावर येत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हलका नाही. लोक म्हणतात, खरी कारणं मोठी आहेत: कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची पाणीपातळी, महामार्गाचा भराव, पूररेषेतली बांधकामं. गावाने आपल्या चुका लिहीत बसणं म्हणजे सरकारला मोकळं सोडणं. अलमट्टीची उंची ५१९.६ मीटरच्या पुढे नेण्याला कोल्हापूर-सांगलीने विरोध केलाच पाहिजे. नदीला आडव्या भरावाच्या जागी कमानींचा पूल मागितलाच पाहिजे. २०१९ नंतर पुराच्या अभ्यासासाठी नेमलेल्या वडनेरे समितीचा अहवाल २०२० मध्ये आला, त्यातल्या शिफारशींचं काय झालं हे विचारत राहिलंच पाहिजे. पण ही भांडणं लढायलाही नोंदच लागते. भरावाच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला त्याच तासाला पाणी किती इंचांनी वेगळं होतं, हे शेतकऱ्यांनी तारीख-वेळ घालून लिहिलं असेल तर अभियंत्याला उत्तर द्यावं लागतं. ‘भरावामुळे आम्ही बुडालो’ एवढं म्हटलं तर द्यावं लागत नाही.

आणखी एक मोठा निर्णय आहे, ज्याचा पंचनामा सगळ्यांनी टाळला. १९८९ च्या पुरानंतर प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला जागा दिली गेली. तीस वर्षांनी, २०१९ ला, त्याच गावांतून माणसं बोटीने काढावी लागली. लोकांना दोष देणं सोपं आहे. पण घराला माळावर जागा मिळाली तरी शेत नदीकाठी, वैरण नदीकाठी, आणि म्हशीची धार पहाटे आणि संध्याकाळी काढायची असते. गोठ्याशिवाय घर हलवलं की माणूस परत गोठ्याकडे येतोच. पुढे कुठल्याही गावाचं पुनर्वसन आखताना भूखंडाबरोबर गोठ्याची जागा, वैरणीची जागा आणि रात्री-अपरात्री शेतावर जायचा रस्ता धरला पाहिजे. हे तीस वर्षांच्या अनुभवातून निघालेलं शहाणपण सरकारी कागदावर आणायला हवं.

महापुरानंतर कोल्हापूरकरांच्या जिद्दीचं कौतुक होतं. ते खोटं नाही. आठवड्यात दुकानं उघडतात, घराघरांतून चपात्या निघतात, गाळ काढायला तालमींची पोरं उतरतात. पण त्या कौतुकात ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ हेही मिसळतं, आणि तिथे नुकसान होतं. लवकर उभं राहण्याच्या घाईत तोच माल त्याच खालच्या फळीवर परत जातो. कुंभार गल्लीतल्या मूर्तिकारांना दोनदा हा फटका बसला. गणपती भाद्रपदात आणि पूर आषाढ-श्रावणात, म्हणजे मूर्ती अर्ध्या वाळलेल्या असतानाच पाणी येणार, हे ठरलेलं आहे. ओली मूर्ती ऐनवेळी हलवली की तडकते. त्यांच्यासाठी जुलै-ऑगस्टपुरती उंचावरची शेड हवी, आणि ती जूनमध्येच ताब्यात हवी. ऑगस्टमध्ये दिलेली भरपाई त्या शेडची जागा घेऊ शकत नाही.

कामाची वेळही सोयीची आहे. २ ऑक्टोबरला ग्रामसभा असतेच. त्या दिवशी एक विषय ठेवायचा: या पुरात कुठल्या फुटाला काय झालं, आणि पुढच्या वेळी ते किती फूट आधी करायचं. पोलीस पाटील, वायरमन, दूध संस्थेचा सचिव, शाळेचे मुख्याध्यापक, टेंपोवाले, आणि जनावरं बांधणाऱ्या घरातल्या बायका, एवढ्यांनी बोलायचं. बायकांचं बोलणं सोडून चालणार नाही, कारण कुठली म्हैस गाभण आहे, म्हातारी सासू कुणाच्या आधाराने चालते, औषधं कुठल्या डब्यात आहेत हे त्यांनाच माहीत असतं आणि निघायला उशीर तिथेच होतो. १ मेच्या ग्रामसभेत ती वही पुन्हा उघडायची आणि ठरलेल्यातलं काय झालं ते विचारायचं. बोल्टना ग्रीस लागलं का, टेंपोवाल्यांशी दर ठरला का, भोंग्याची बॅटरी आली का.

तलाठी आणि ग्रामसेवक बदलून जातात, कपाटातली फाइल पुराच्या पाण्यात भिजते. म्हणून वहीच्या तीन प्रती कराव्यात. एक ग्रामपंचायतीत, एक तहसील कार्यालयात आणि एक दूध संस्थेत, कारण गावात सकाळ-संध्याकाळ न चुकता उघडणारं दार तेच असतं. गावाचा स्वतःचा इशारा आकडा, ३८ असो की ३६ फूट ६ इंच, तिथल्या दराच्या फलकाशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.